सोमवारची पहिली नळी

आमच्या हॉस्पिटलच्या सर्जरी वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर म्हणजे माझी सख्खी नणंद, आणि त्याच इमारतीच्या तळमजल्यावर, जंतूंच्या लॅबमध्ये, मी सीनियर टेक्निशियन. घरी मी त्यांना वन्सं म्हणते, हॉस्पिटलात सिस्टर म्हणते, आणि मनातल्या मनात काय म्हणते ते छापण्यासारखं नाही. त्या मला दोन्हीकडे ‘लॅबवाली’च म्हणतात. माझ्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण वन्सं अजून माझ्या नोकरीला नोकरी मानायला तयार नाहीत. "तुझं बरं आहे बाई. तुझे पेशंट नळीत. ना कण्हतात, ना बेल वाजवतात."

वन्सं हात धुतात. तसे सगळेच धुतात, पण वन्संचं हात धुणं तिकीट लावून बघावं असं असतं. बोटांच्या बेचक्या, अंगठ्याचं मूळ, नखांच्या खाली, मनगट, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. आमच्या घरी आल्या की दारातूनच धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या पन्नाशीतल्या नवऱ्याला, "हात बघू" म्हणतात, आणि तो गुणी बाळासारखा दोन्ही पंजे पुढे करतो. त्यांच्या वॉर्डात शिकाऊ डॉक्टर आधी बेसिनकडे जातात आणि मग पेशंटकडे. चौतीस वर्षांत आपल्या हाताखालच्या एकाही जखमेत हलगर्जीपणाने पू झाला नाही, असं त्या सांगतात. नाकाने कांदे सोलणं म्हणतात ते हेच, असं मी सांगते, पण फक्त नवऱ्याला.

तर अशा बाईच्या वॉर्डात लागोपाठ पाच आठवडे, दर आठवड्याला एक, असे पाच पेशंट पॉझिटिव्ह निघाले.

कशाला पॉझिटिव्ह, ते सांगते. काही जंतू इतके निर्ढावलेले असतात की साधी अँटिबायोटिक्स त्यांच्या खिजगणतीतही नसतात, आणि शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेली औषधंही ते पचवतात. असा जंतू माणसाच्या आतड्यात महिनोन्महिने गुपचूप राहू शकतो. त्या माणसाला काही होत नाही, पण तोच शेजारच्या पेशंटच्या ताज्या टाक्यांत शिरला तर डॉक्टरांच्या हातात फारसं काही उरत नाही. म्हणून दर सोमवारी सगळ्या वॉर्डांतून पेशंटचे स्वॅब आमच्याकडे येतात. आम्ही एकेक स्वॅब नळीतल्या सलाइनमध्ये घोळवतो आणि ते सलाइन औषध मिसळलेल्या रसात टाकतो. साधे जंतू त्या रसात मरतात. जो उरला आणि वाढला, तो निर्ढावलेला.

ज्याच्या नळीत तो वाढतो त्या पेशंटची रवानगी एकट्याच्या खोलीत होते. आत जाणाऱ्याने गाऊन घालायचा, मास्क लावायचा, हातमोजे चढवायचे. घरच्यांनी काचेतून हात हलवायचा. पाचव्या आठवड्यात वॉर्डाच्या टोकाच्या तीनही खोल्या भरल्या होत्या आणि आधीचे दोघे ‘पॉझिटिव्ह’ शिक्क्याचं कार्ड घेऊन घरी गेले होते.

मग शोधाशोध सुरू झाली. संसर्ग आवरण्याचं काम ज्यांच्याकडे आहे त्या डॉक्टरीणबाईंना सगळं हॉस्पिटल फिनेलबाई म्हणतं. त्यांनी नळ उचकटले, बेसिनच्या मोऱ्या खरवडल्या, पडदे उतरवले, ड्रेसिंगच्या ट्रॉलीची चाकंसुद्धा घासून त्यांचे नमुने माझ्याकडे पाठवले. एकशे बारा नमुने तपासले मी. जंतू कुठेही नाही. पडद्यात नाही, पाण्यात नाही, गादीत नाही, म्हणजे मग राहिलं काय? हात. आणि हात कुणाच्या अखत्यारीत? सिस्टरच्या.

हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनी गुरुवारी दुपारी चारची मीटिंग लावली. पाचही जंतू एकाच कुळाचे निघाले तर वॉर्डात जंतू हातोहात फिरतोय हे सिद्ध होणार होतं. मग चोवीस खाटांचा वॉर्ड बंद, आणि सिस्टरची बदली चादरी-टॉवेलांच्या कोठीत. निवृत्तीला आठ महिने राहिलेले. ज्या बाईने चौतीस वर्षं दुसऱ्यांचे हात तपासले, ती स्वतःच्या हातांमुळे बदनाम होऊन घरी जाणार.

आणि हे सिद्ध कोण करणार? तर मी. जंतूची सगळीच्या सगळी जनुकीय अक्षरं वाचणारं मशीन गेल्या वर्षी आमच्याकडे आलं आणि ते चालवायचं शिक्षण मिळालं ते एकट्या मला. जेवणाच्या डब्याएवढं मशीन, पण एकेका जंतूची पंचावन्न लाख अक्षरं वाचून काढतं. दोन जंतूंमध्ये किती अक्षरांचा फरक आहे ते मोजलं की कोण कुणाचा भाऊ आणि कोण लांबचा मावसभाऊ ते कळतं. या मशीनवर मी नवऱ्यालासुद्धा ऐकवून ऐकवून हैराण केलंय.

रविवारी वन्सं घरी आल्या. त्यांनी कुणाचेही हात बघायला मागितले नाहीत. सोफ्याच्या कडेवर बसल्या आणि स्वतःचे हात मांडीवर उलटे-सुलटे करत राहिल्या. धुऊन धुऊन बोटांची सालपटं निघाली होती, सांध्यांवर चिरा पडल्या होत्या. नवरा दोघींमध्ये बसून टीव्हीचा आवाज कमी-जास्त करत होता.

"लॅबवाले," त्या म्हणाल्या, "जे दिसेल तेच लिही. माझी भीड धरू नकोस."

"लॅबमध्ये नातं चालत नाही, वन्सं," मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं. आणि खोटं कशाला बोलू, एक मिनिटभर मला बरं वाटलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्या माझ्यासमोर मान खाली घालून बसल्या होत्या. मग त्या चहा न घेता उठल्या, दाराच्या कडीला हात लावताना क्षणभर थांबल्या आणि कोपराने कडी सरकवून निघून गेल्या. ते बघून माझं ते बरं वाटणं पार नासलं.

गुरुवारी दुपारी दीड वाजता मशीनने निकाल दिला. पाच जंतू, आणि कुणाच्यात कुणाशी फरक किती? शून्य. तक्त्याच्या सगळ्या चौकोनांत शून्य, शून्य, शून्य. पंचावन्न लाख अक्षरांत एकाही अक्षराचा बदल नाही. म्हणजे एकाच कुळाचे तर होतेच, वर एकमेकांची हुबेहूब नक्कल. वन्संच्या कोठीतल्या बदलीचा कागद मीच छापणार होते.

आता माझा एक दुर्गुण सांगते. मला मीटिंगमध्ये मिरवायला आवडतं. वाईट बातमी द्यायची, तरी चित्र देखणं हवं. कॉम्प्युटर या जंतूंची वंशवेल काढून देतो, पण पाचही सारखेच असल्यामुळे ती वेल म्हणजे नुसता एक बुंधा आणि त्याला चिकटलेली पाच नावं. फारच केविलवाणं दिसत होतं ते. मला वाटलं, शेजारी एखादी लांबची फांदी दाखवली तर उठाव येईल. त्या खेपेला मशीनमध्ये आमचा जावईही वाचून झाला होता. ‘सगळे दाखवा’ या चौकोनात मी बरोबरची खूण केली.

जावई कोण, ते सांगायला हवं. औषधं आणि रस नीट काम करतायत की नाही हे पाहायला प्रत्येक लॅब एक ओळखीचा, निर्ढावलेला जंतू पाळते. कंपनीकडून विकत आणलेला, कुठल्या तरी लांबच्या देशात दहा-बारा वर्षांपूर्वी सापडलेला. आमच्या या पाहुण्याला उणे ऐंशी डिग्रीच्या फ्रीझरात वरचा कप्पा. दर सोमवारी त्याला बाहेर काढायचं, उबेत ठेवायचं, उत्तमोत्तम खाऊ घालायचं, आणि तो रुसला, वाढला नाही, तर सगळ्या लॅबचं काम खोळंबणार. जावई हा दशमग्रह म्हणतात, म्हणून त्याचं नाव आम्ही जावईच ठेवलं. हा जंतू पेशंटच्या जवळपासही जात नाही. त्याची फांदी वेलीवर लांब कुठेतरी यायला हवी होती.

तो आला आणि थेट त्या पाचांच्या मांडीला मांडी लावून बसला. फरक शून्य.

मी चष्मा पुसला. खूण काढली, पुन्हा केली. जावई तिथेच. आधी वाटलं मशीनमध्येच सरमिसळ झाली असेल, पण जंतू वाढवायच्या पाचही बश्या तर मी पाच वेगवेगळ्या आठवड्यांत हाताने वाढवलेल्या होत्या. म्हणजे जावईबापू मशीनमध्ये घुसले नव्हते. ते पहिल्यापासून नळ्यांतच होते.

मी रजिस्टर ओढलं. पहिला पेशंट, सोमवार, नळी क्रमांक एक. दुसरा पेशंट, सोमवार, नळी क्रमांक एक. तिसरा, सोमवार, एक. चौथा, सोमवार, एक. पाचव्याचं पान उलटायलाही मला धीर होत नव्हता. उलटलं. एक.

मग माझा उजवा हात आपोआप हवेत उठला आणि रिकाम्या टेबलावर सोमवारची सकाळ करून दाखवायला लागला. प्रत्येक नळीत मोजून सलाइन सोडायचं असतं. नियम असा, की प्रत्येक नळीला पिपेटचं टोक नवं. पण दीड महिन्यापूर्वी या प्लास्टिकच्या टोकांची टंचाई झाली. पुरवठादार रोज "उद्या नक्की" म्हणायचा. आणि मी म्हणजे साबणाचे उरलेले तुकडे चिकटवून नवी वडी करणारी बाई. मी शक्कल काढली. एकच मोठं पिपेट एकदाच भरून घ्यायचं आणि एकाच टोकाने ओळीने सगळ्या नळ्यांत सोडत जायचं. सलाइनच तर आहे! टोक कशाला लागू दिलं नाही की झालं. आमच्या लॅबच्या साहेबांनी चार लोकांत माझं कौतुक केलं होतं.

पहिली कोरी नळी, तुलनेसाठी, जिच्यात काहीच नसतं. मग पाहुण्यांना आधी वाढायचं या न्यायाने जावयाची नळी, जिच्या आतल्या काठाला त्याचा कण मी आधीच लावून ठेवलेला असतो. आणि मग पेशंटची पहिली नळी. हवेतला माझा हात जावयाच्या नळीपाशी खाली झुकला, शेवटचा थेंब काठाला टेकवून झटकला, आणि पुढे सरकला. टेकवून! एकोणीस वर्षांची सवय, थेंब वाया जाऊ नये म्हणून. त्या टोकाला लागलेला जावई पुढच्या नळीत उतरत होता, आणि तिथेच धुतला जात होता. म्हणून दर सोमवारी पहिलाच पेशंट पॉझिटिव्ह, बाकीचे साफ.

आणि पहिली नळी दर सोमवारी सर्जरी वॉर्डचीच का? कारण बाकीच्या वॉर्डांचे नमुने साडेनऊ-दहाला रडतखडत येतात. वन्संचे बरोबर सातला खिडकीत हजर, नावं सुवाच्य, झाकणं घट्ट. ती बाई पहिली येत होती म्हणून पकडली जात होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तर इथे चोरच पंच होऊन बसला होता, आणि तो चोर मी.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं. तिसऱ्या पेशंटचा स्वॅब वन्संनी बुधवारी पुन्हा घेऊन पाठवला होता. बुधवारी जावई फ्रीझरात असतो. तो नमुना निगेटिव्ह आला होता, आणि रजिस्टरमध्ये माझ्याच अक्षरात शेरा होता: ‘नमुना नीट घेतलेला नाही. वॉर्डला समज द्यावी.’

मग मी काय केलं? सांगतेच. ‘सगळे दाखवा’वरची खूण काढून टाकली. जावई पडद्यावरून गेला, वेल पुन्हा पाच नावांची झाली, आणि मी त्या पडद्याकडे बघत बसले. कुणालाही कळलं नसतं. वॉर्ड बंद झाला असता, सोमवारपासून मी टोकं बदलली असती, साथ आपोआप थांबली असती, आणि सगळे म्हणाले असते, बघा, सिस्टर गेली आणि जंतू गेला. माझं मशीन माझ्याकडेच राहिलं असतं. किती सोपं होतं ते!

आणि तेवढ्यात डोक्यात लख्ख पडलं, की अहो, म्हणजे त्या पाच माणसांना काहीही झालेलं नाही! एकालाही नाही! कुठलाही भयंकर जंतू वॉर्डात फिरत नाही, कधी फिरलाच नाही. एकशे बारा नमुन्यांत तो सापडला नाही, कारण तो माझ्या फ्रीझरात वरच्या कप्प्यात झोपला होता. काखेत कळसा आणि चाकांना वळसा! मला हसू फुटलं. तोंडावर रुमाल धरला तरी थांबेना. शरमेने कान तापलेले आणि पोट धरून हसतेय, असं माझं चाललं होतं. शेजारच्या टेबलावर लघवी तपासणारी सहकारीण माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "अगं, काय झालं? घरी सगळं ठीक आहे ना?"

"सगळं ठीक आहे," मी म्हटलं, "मी सोडून सगळं ठीक आहे," आणि खूण पुन्हा केली. छापायची कळ दाबली. घड्याळात चारला पाच कमी होते.

लिफ्ट नेहमीप्रमाणे कुठल्यातरी मजल्यावर ध्यान लावून बसली होती. मी जिन्याने निघाले. लॅबचा कोट घालून लॅबबाहेर यायचं नाही हा नियम मी नव्या मुलींना घसा फोडून शिकवते, आणि आता त्याच कोटाची टोकं फडफडवत मी दोन-दोन पायऱ्या चढत होते. पहिल्या मजल्यावर माझी एक चप्पल सुटली. दुसऱ्यावर स्ट्रेचरवाल्याने बाजू दिली आणि विचारलं, "आग कुठे लागली, मॅडम?" तिसऱ्यावर पोचेपर्यंत मला श्वास नव्हता, पण हसू होतं.

मीटिंगच्या खोलीत मोठे साहेब टोकाला, फिनेलबाई फायली रचून, आमच्या लॅबचे साहेब ऐटीत, आणि वन्सं दाराजवळच्या खुर्चीत. इस्त्रीचा गणवेश, पाठ ताठ, हात टेबलाखाली. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

"या," मोठे साहेब म्हणाले. "एकच प्रश्न आहे. पाचही एकच आहेत का?"

"हो सर," मी धापा टाकत म्हटलं. "एकच. अगदी हुबेहूब."

फिनेलबाईंनी पेनाचं टोपण लावलं. वन्संनी डोळे मिटले.

"पण तो आमचा जावई आहे!"

मोठ्या साहेबांनी आमच्या साहेबांकडे पाहिलं, ते छताकडे पाहायला लागले. फिनेलबाई हळूच म्हणाल्या, "जावयाला इथे कोणी दाखल केलं?"

मग मला पहिल्यापासून सांगावं लागलं. कागद टेबलावर पसरून, हवेत नळ्या मांडून, टोक कसं टेकवलं ते हाताने करून दाखवत. मधेच हसू येत होतं, मधेच आवाज चिरकत होता. "पिपेटची ही पद्धत माझी, ती नळीच्या काठाला थेंब टेकवण्याची सवय माझी, आणि बुधवारच्या नमुन्यावरचा तो खोटा शेराही माझाच," मी म्हटलं. "वॉर्डात काही नाही. सिस्टरच्या हातांत काही नाही. पहिल्या नळीत त्या होत्या, कारण फक्त त्याच वेळेवर येतात." आमचे साहेब चेहरा पाडून म्हणाले की मशीनला आता आठवडाभर हात लावायचा नाही, पाचही जणांचे स्वॅब नव्याने, दुसऱ्या लॅबला पाठवायचे, आणि मला सगळं लेखी द्यावं लागेल. देते म्हटलं. काय हवं ते लिहून देते.

फिनेलबाईंनी कागद तीनदा पाहिले. मग पुढे वाकून कपाळ फायलींवर टेकवलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरले. त्या हसत होत्या. "चाकं," त्या म्हणाल्या, "मी ट्रॉलीची चाकं घासली हो! गुडघ्यांवर बसून!" त्यांच्या हसण्याने मोठे साहेबही ढासळले. एवढा मोठा माणूस रुमालाने डोळे पुसत म्हणाला, "वॉर्ड चालू राहील. आणि त्या जावयाला वेगळी खोली द्या."

फक्त वन्सं हसल्या नाहीत. त्या बाहेर आल्या, मी मागोमाग. व्हरांड्याच्या खिडकीपाशी त्यांनी कठड्याला धरलं.

"म्हणजे माझ्यामुळे नाही झालं," त्या म्हणाल्या.

"नाही, वन्सं."

"नक्की ना? मी रोज रात्री आठवत होते. कुठली जखम आधी, कुठली मागून. कुणाला हात लावला. एखादं वेळी धुवायचा राहिला का. मला कुठे सापडत नव्हतं गं, आणि वाटत होतं, वयामुळे विसरत असेन." त्यांनी कठड्यावरचे हात उचलून समोर धरले. "पाच आठवडे मला माझ्याच हातांची किळस येत होती."

मी हॉस्पिटलात पहिल्यांदाच त्यांना वन्सं म्हटलं होतं, हे माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही. "मला माफ करा," मी म्हटलं, आणि मग रडूच आलं. हसूही होतंच. दोन्ही एकदम येतात तेव्हा चेहरा कसा होतो कोण जाणे, पण त्या चेहऱ्याकडे बघून अखेर वन्संचे ओठ हलले.

"माफीबिफी नंतर," त्या म्हणाल्या. "आधी एक पाय अनवाणी आहे तुझा, तो कोट काढ, आणि चल. माझ्या पेशंटना मी नाही सांगणार. तू सांगणार. एकेकाला."

"मी? मी कधी पेशंटशी बोललेच नाहीये."

"तेच तर," वन्सं म्हणाल्या.

मला पायात घालायला सपाता मिळाल्या, वन्संच्या देखरेखीखाली हात धुऊन झाले, आणि त्यांनी पहिल्या खोलीचं दार उघडलं. आत बसचे निवृत्त कंडक्टर पाय लांब करून पेपर वाचत होते. मी सगळं सांगितलं. ते गंभीरपणे ऐकत होते.

"म्हणजे मला बाहेर, त्या चोवीस खाटांत, जावं लागणार?"

"हो, काका. तुम्हाला काहीच झालेलं नाही."

"पण इथे खिडकी आहे. कुणी घोरत नाही. बायकोचे भाऊ काचेबाहेरून परत जातात." ते वन्संकडे वळले. "सिस्टर, चूक ह्यांची ना? मग मला का शिक्षा?" दुसरा निकाल येईपर्यंत राहा, असं वन्संनी सांगितल्यावर त्यांनी पेपर पुन्हा उघडला.

दुसऱ्या खोलीत गणिताचे मास्तर होते. त्यांनी मला पिपेटची गोष्ट दोनदा सांगायला लावली, टोकाची लांबी विचारली, चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "रीत चुकली होती, पण पडताळा घेतलात. दहापैकी पाच." चुकलेल्या रीतीचे पाच गुण त्यांनी कापले होते, हे मला बाहेर आल्यावर कळलं.

मला हे सगळं इतकं आवडायला लागलं होतं, की तिसऱ्या खोलीत मी जवळजवळ नाचतच शिरले. आत एक शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. सत्तरीच्या, कुडी एवढीशी, पोटावर टाके. बुधवारचा निगेटिव्ह नमुना ह्यांचाच होता. बावीस दिवस त्या या खोलीत होत्या. नळीवर मी त्यांचं नाव तीनदा लिहिलं होतं, आणि त्यांना तोंड आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

त्या माझ्या हाताकडे बघत होत्या. "मोजे कुठायत तुझे? ओरडतील हं तुला."

"लागत नाहीत आता, मावशी. तुम्हाला काही झालेलं नव्हतंच. माझी चूक होती. माझ्या चुकीने तुम्हाला बावीस दिवस कोंडून ठेवलं."

मला वाटलं त्या चिडतील, आणि चिडायलाच हव्या होत्या. त्यांनी हात पुढे केला. मीही केला. त्यांनी आधी माझी बोटं धरली, मग पंजा, मग दोन्ही हातांनी मनगटापर्यंत चाचपत गेल्या, कापडाचा पोत बघावा तशा.

"गरम आहे गं," त्या म्हणाल्या. "सगळे रोज हात लावतात, तपासतात, ड्रेसिंग करतात. पण रबरच लागतं सारखं. मुलगीसुद्धा काचेतूनच. मला वाटायला लागलं होतं, आता आपण अशाच जाणार, कुणाचं अंग न लागता."

माझं हसू तिथल्या तिथे गेलं. नळीत पेशंट कण्हत नाहीत, हे वन्संनी मला एकोणीस वर्षं सांगितलं होतं आणि मी ते टोमणा म्हणून ऐकलं होतं. मी त्यांचे हात घट्ट धरले.

वन्सं मागून आल्या. त्यांनी खिशातून मोजे काढले नाहीत, मास्क बांधला नाही. आपला चिरा पडलेला उजवा हात, उघडा, मावशींच्या कपाळावर ठेवला आणि ठेवूनच राहिल्या. पाच आठवड्यांत त्यांनी कुणालाही असा हात लावला नव्हता. मावशींनी डोळे मिटून घेतले, आणि माझे दोन्ही हात काही सोडले नाहीत.

"सिस्टर," त्या डोळे मिटूनच म्हणाल्या, "हिला काम असेल ना?"

"असू दे," वन्सं म्हणाल्या. "बस गं तू."

मी पलंगाच्या कडेवर बसले.